अमोनिया १० दिवस २ वरच अडकलाय! मासे न टाकता टाकी सायकल करताना माझं नक्की काय चुकतंय?

पाणवठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथले जुने धागे वाचूनच ठरवलं होतं की पहिली टाकी करायची ती नीट करायची. आधी पाणी तयार करायचं, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायचे (यालाच टाकी सायकल करणं म्हणतात), मग मासे आणायचे. महिना झाला आणि आता गाडं अडलंय. सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला परत विचारायला नको.

टाकी १२० लिटरची. वाळू-दगड वजा जाता पाणी साधारण १०० लिटर. मागे टांगायचा फिल्टर, त्यात जाड स्पंज आणि सिरॅमिक रिंगा. हीटर २८ वर. लाइट पूर्ण बंद. पाणी नळाचं, क्लोरीन मारायचं औषध घालून. अमोनियासाठी अमोनियम क्लोराइडची पूड वापरतोय: ६.३ ग्रॅम पूड १०० मिलि पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवली आहे. त्यातले १० मिलि टाकले की टाकीत २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) होतो.

पहिल्या दिवशी ४ पीपीएम केला. दहाव्या दिवसापर्यंत काहीच नाही, मग अमोनिया उतरायला लागला आणि किटमधल्या नायट्राइटच्या (जिवाणू अमोनियाचं जे करतात त्याच्या) नळीत पहिल्यांदा जांभळी छटा दिसली. चौदाव्या दिवशी अमोनिया शून्य! त्यानंतर शून्य झाला की २ पीपीएम, असे पाच डोस दिले. सुरुवातीला डोस संपायला दोन दिवस लागायचे, नंतर एकच. शेवटचा डोस २१व्या दिवशी. आणि तेव्हापासून आजपर्यंत, म्हणजे ३१व्या दिवसापर्यंत, अमोनियाची नळी जी हिरवी आहे ती हिरवीच. २ चं १.९ सुद्धा होत नाही. नायट्राइट तर दोन आठवडे तक्त्यातल्या सगळ्यात गडद जांभळ्यावर बसलाय.

जे जिवाणू एका दिवसात २ पीपीएम फस्त करत होते ते अचानक गेले कुठे? मेले का? पहिल्यापासून सुरू करू का? मुलगी रोज शाळेतून आली की दप्तर खांद्यावर असतानाच विचारते, "बाबा, आज पाणी काय म्हणतंय?" तिला सांगायला माझ्याकडे दहा दिवस नवीन काही नाही.

तळ्यातमळ्यात

महिनाभर रिकाम्या टाकीकडे बघत बसायचं म्हणजे फार झालं. दोन-तीन काटक मासे सोडा, खायला कमी द्या, आठवड्यातून दोनदा पाणी बदला. मी असंच केलं होतं आणि सगळं सुरळीत झालं.

कल्ला

तळ्यातमळ्यात, तुमचं सुरळीत झालं याचा आनंद आहे, पण हा सल्ला या टाकीसाठी कृपया देऊ नका. पाणवठा यांच्या टाकीत आत्ता नायट्राइट तक्त्याच्या बाहेर आहे. त्यात सोडलेला मासा काटक असो की नसो, त्याचे हालच होणार.

माझी पहिली टाकी आठवते. ज्यांच्याकडून मासे घेतले त्यांनी सांगितलं होतं, फिल्टर दोन दिवस चालवा आणि सोडा. सोडले. सहाव्या दिवशी सकाळी सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड लावून भराभर कल्ले हलवत होते. मला वाटलं हवा कमी पडतेय, म्हणून दुसरा एअर पंप लावला. हवा भरपूर होती, पण त्यांच्या रक्तालाच ती घेता येत नव्हती. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातो आणि हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन करून टाकतो. ते ऑक्सिजन वाहत नाही. रक्त लालाचं तपकिरी होतं, कल्लेही तसेच दिसायला लागतात. एका माशाचा कल्ला मी हातात धरून पाहिलाय, अगदी गंजलेल्या खिळ्याच्या रंगाचा होता. ते विसरता येत नाही. माझं इथलं नाव त्या दिवसापासून आहे.

गप्पीदास

कल्लाताईंशी शंभर टक्के सहमत. पाणवठा, मुलीला सांगा की मासे अजून सामान बांधतायत.

पण खरंच, अमोनिया आधी उतरून मग अडकलाय, याचा अर्थ जिवाणू तयार झाले होते. त्यांचं काहीतरी बिनसलंय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

काचपेटी

इतकं सविस्तर लिहिलंत, त्यात दोनच आकडे नाहीत आणि नेमके तेच हवेत. पीएच किती? केएच किती? सुरुवातीला किती होते आणि आज किती आहेत, दोन्ही सांगा.

पाणवठा

पीएच पहिल्या दिवशी ७.४ होता, तेव्हा ठीक वाटला म्हणून नंतर मोजलाच नव्हता. तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता मोजला. नळी पिवळीधमक! तक्त्यावरचा सगळ्यात खालचा रंग, ६.०. केएचचं किट माझ्याकडे नाही. ते इतकं महत्त्वाचं असतं का? मला वाटलं होतं ते फक्त शौकीन लोक मोजतात.

काचपेटी

सापडलं. जिवाणू मेलेले नाहीत, उपाशी आहेत. पूर्ण हिशोब मोलभाव सांगतील, त्यांना हाक मारतो. तोवर अमोनियाचा एक थेंबही टाकू नका.

मोलभाव

आले. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल, पण हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या कुठल्याही टाकीत फसणार नाही.

टाकीत काय घडतं ते आधी बघू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण पहिल्या पायरीत नुसतं नायट्राइट तयार होत नाही, सोबत आम्लही तयार होतं. ते आम्ल पाण्यातलं बायकार्बोनेट झेलतं. केएच म्हणजे हेच बायकार्बोनेट मोजणं, पाण्याची आम्ल पचवायची शिल्लक. शिल्लक असेपर्यंत पीएच फारसा हलत नाही, म्हणूनच कोणाला शंका येत नाही. शिल्लक संपली की पीएच दगडासारखा खाली येतो.

आता तुमचे आकडे घेऊ. एकूण डोस ४ अधिक पाच वेळा २, म्हणजे १४ पीपीएम. त्यातला २ अजून तसाच आहे, म्हणजे जिवाणूंनी १२ खाल्ला. तो १२ अमोनिया म्हणून मोजलेला आहे, त्यातलं नायट्रोजन साधारण ९.९. प्रत्येक १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम क्षारता (म्हणजे हीच शिल्लक) खर्च होते, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. गुणाकार केला की ७० येतो. केएचच्या १ अंशात १७.९ मिलिग्रॅम असतात. ७० भागिले १७.९, म्हणजे जवळपास ४ अंश.

माझा अंदाज सांगून ठेवते: तुमच्या नळाच्या पाण्याचा केएच ४ च्या आसपास निघेल आणि टाकीतला शून्य. किट आणून मोजा आणि मी चुकले असेन तर इथे येऊन सांगा.

आणि जिवाणू उपाशी का? किट एकूण अमोनिया दाखवतं. पण पाण्यात त्याची दोन रूपं असतात, मोकळा अमोनिया आणि अमोनियम. २५ अंश तापमानाला पीएच ८ असेल तर त्यातला ५ टक्क्यांच्या वर मोकळा असतो, पीएच ७ ला अर्धा टक्का, आणि ६ ला त्याच्याही दहावा भाग. हे जिवाणू मोकळा अमोनियाच उचलतात. म्हणजे नळी हिरवीगार आहे, ताट भरलेलं दिसतंय, पण त्यांच्या तोंडात जाण्यासारखं त्यात काही नाही. साडेसहाच्या खाली त्यांचा वेग मंदावतो आणि सहाला ते जवळजवळ हात टेकतात.

अजून एक बारीक मुद्दा. तुम्ही अमोनियम क्लोराइड वापरलंत. द्रावणातला साधा अमोनिया वापरला असतात तर तो स्वतः अल्कली असल्यामुळे टाकतानाच थोडी क्षारता वाढवतो आणि निव्वळ खर्च निम्म्यावर येतो. पूड वाईट नाही, मापायला तीच उत्तम. फक्त तिच्यासोबत केएचवर नजर हवी.

गप्पीदास

वाचनखूण साठवली. "आम्ल पचवायची शिल्लक", केएच इतक्या सोप्या भाषेत कोणी सांगितला नव्हता.

तळ्यातमळ्यात

हिशोब पटला. पण एक विचारतो, इतकी उठाठेव करण्यापेक्षा बाटलीतले तयार जिवाणू का आणत नाही? बाटली ओतली की झालं.

डबकं

झालं असं बाटलीवर लिहिलेलं असतं. तीन टाक्यांत तीन वेगवेगळ्या बाटल्या वापरून झाल्यात. एका बाटलीने खरंच दहा दिवसांत काम केलं, एकीने काहीच केलं नाही, तिसरीबद्दल आजही सांगता येणार नाही, कारण ती टाकी तशीही वेळेवर झाली. जिवंत माल आहे. उन्हात तापला, महिनोन् महिने पडून राहिला, तर आत काय उरलं असेल?

शिवाय बाटलीत कोण आहे हाही प्रश्न असतो. पुस्तकांत वर्षानुवर्षं लिहिलेलं असायचं की दुसरी पायरी नायट्रोबॅक्टर करतो. १९९८ साली गोड्या पाण्याच्या टाक्यांतले जिवाणू तपासून पाहिले तेव्हा तिथे काम करताना दिसला तो नायट्रोस्पायरा. नंतर २०१५ मध्ये तर नायट्रोस्पायराचे असे प्रकार सापडले की अमोनियापासून नायट्रेटपर्यंतच्या दोन्ही पायऱ्या एकटेच करतात.

माझ्या अनुभवात बाटलीपेक्षा शंभर पट खात्रीचं काय, तर विरजण. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा आणि ओला ठेवूनच आपल्या फिल्टरमध्ये घाला. फक्त टाकी खरंच निरोगी हवी, नाहीतर जिवाणूंसोबत रोगही पाहुणा येतो.

पण काहीही घाला, बाटली घाला नाहीतर विरजण घाला, सहा पीएचच्या पाण्यात तेही येऊन उपाशीच बसणार. पाणवठा यांनी आधी पाणी दुरुस्त करावं.

जुना_माळी

सगळेच अमोनियाच्या मागे लागलेत म्हणून वेगळा सूर लावतो. टाकीत पहिल्या दिवसापासून भरपूर, भराभर वाढणाऱ्या वनस्पती लावल्या तर त्या अमोनियम सरळ खातात, नायट्राइटचा टप्पा जवळपास दिसतही नाही. मी गेली अनेक वर्षं पूड-बाटली यांच्याशिवाय टाक्या लावतोय.

कल्ला

माळीकाका, तुमच्या टाक्यांचे फोटो पाहूनच मी वनस्पतींकडे वळले, त्यामुळे आदर ठेवूनच बोलते. ते जमायला वनस्पती खरंच भरपूर आणि वाढत्या लागतात. नवशिक्या माणूस चार काड्या रोवतो, त्या पहिल्या तीन आठवड्यांत पानं टाकतात, आणि कुजलेली पानं उलट अमोनियाच वाढवतात. ती पद्धत चुकीची नाही, पण पहिल्या टाकीला तिचा भरवसा धरू नये असं मला वाटतं.

जुना_माळी

चार काड्यांबद्दल मान्य. आणि माझ्याच पद्धतीतली एक खोच मीच सांगतो: वनस्पतींसाठी मिळणारी ती काळी सुपीक माती पहिले काही आठवडे स्वतः अमोनिया सोडते आणि केएच शोषून घेते. अशा टाकीत पीएच साडेसहाच्या आत येणं नेहमीचंच. तिथे सायकल रेंगाळते, तेव्हा घाबरू नये.

डबकं

अवांतर: "सायकल करणे" याला मराठीत काय म्हणावं? माझे वडील विचारतात, टाकीला चाकं लावतोयस का?

गप्पीदास

नत्रचक्र बसवणे?

मोलभाव

वर्गात मी नत्रचक्रच म्हणते. पण "बसवणे" जरा यंत्रासारखं वाटतं.

जुना_माळी

आम्ही पूर्वीपासून "टाकी मुरवणे" म्हणतो. टाकी मुरली का, मुरायला ठेवली आहे, अजून कच्ची आहे.

कल्ला

मुरवणे! अगदी नेमका शब्द. आजपासून हाच वापरणार.

पाणवठा

किट आलं. मोलभाव ताई, तुम्हाला साष्टांग नमस्कार!

नळाचं पाणी: चार थेंबांना निळ्याचं पिवळं झालं. केएच बरोब्बर ४. टाकीचं पाणी: पहिला थेंब पडला आणि पाणी निळं झालंच नाही, थेट पिवळं. म्हणजे शून्य. मुलीने थेंब मोजले, ती म्हणाली, "बाबा, हे तर सुरू व्हायच्या आधीच संपलं."

आणखी एक केलं. काचपेटी यांनी व्यक्तिगत निरोपात सुचवल्याप्रमाणे टाकीचं १ मिलि पाणी आणि ९ मिलि डिस्टिल्ड वॉटर मिसळून नायट्राइट मोजला. रंग २ चा आला, म्हणजे खरा नायट्राइट २० च्या आसपास. तक्ता ५ ला संपतो, मी आपला समजत होतो की ५ आहे.

त्याच निरोपात त्यांनी ८० टक्के पाणी बदलायला सांगितलंय, पण एवढं पाणी काढलं तर महिनाभर वाढवलेले जिवाणू वाहून नाही का जाणार? हात धजावत नाही.

काचपेटी

नाही जाणार. ते पाण्यात तरंगत नसतात, चिकट थर करून स्पंजाला, रिंगांना, वाळूला धरून बसलेले असतात. पाणी बिनधास्त काढा. फक्त तीन गोष्टी सांभाळा: नवीन पाण्यातलं क्लोरीन मारलेलं असावं, तापमान जवळपास सारखं असावं, आणि स्पंजाला हात लावू नका. तो तपकिरी, बुळबुळीत झाला असेल, तो घाण समजून नळाखाली धुवायचा मोह होतो. तेच तर तुमचं महिन्याभराचं धन आहे. पुढे कधी तुंबला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा.

मोलभाव

८० टक्के बदललंत की अमोनिया ०.४ च्या आसपास येईल, नायट्राइट ४ च्या, आणि केएच आपोआप ३ च्या वर. त्यावर खाण्याचा सोडा घाला. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा म्हणजे केएच १ अंश वर. ९ ग्रॅम घातलेत तर ६ च्या पुढे जाल, तेवढं पुरे. आधी तांब्याभर पाण्यात विरघळवा, मग ओता.

हे मासे नसलेल्या टाकीतच इतक्या मोकळेपणाने करता येतं. मासे असते आणि २ पीपीएम अमोनिया असताना पीएच सहावरून एकदम आठवर नेला असता तर तोच निरुपद्रवी अमोनियम क्षणात विषारी झाला असता. कोणी मासे असलेल्या टाकीत हे वाचून सोडा ओतू नका, आधी पाणी थोडं थोडं बदलून अमोनिया उतरवा.

आणि यापुढे डोस १ पीपीएमचाच. नायट्राइटवाले जिवाणू मागे पडलेत, त्यांच्यावर अजून ओझं नको.

जुना_माळी

सोड्याऐवजी प्रवाळाचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवला तरी चालतं. पाणी आम्लाकडे झुकलं की तो विरघळतो, नाहीतर गप्प पडून राहतो. मापाची कटकट नाही.

मोलभाव

चालतं, पण तो सावकाश काम करतो. इथे शून्यावरून वर यायचंय, म्हणून सोडा. नंतर राखायला चुरा छान.

शेवाळ

मोजण्याबद्दल दोन शब्द, कारण अर्ध्या तक्रारी तिथेच जन्मतात. रंग दिवसाउजेडी, खिडकीपाशी, नळी पांढऱ्या कागदाला टेकवून बघा. पिवळ्या दिव्याखाली शून्य अमोनियासुद्धा हिरवट दिसतो. नायट्रेटच्या दोन बाटल्यांच्या किटमध्ये दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवा, टेबलावर आपटा. तळाशी बसलेली पूड मिसळली नाही तर नायट्रेट खोटाच कमी दिसतो. आणि टाकीत नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तो नायट्राइटलाच धरून वाढीव आकडा दाखवतो.

कल्ला

यात माझी भर: पाणी बदलल्यावर लगेच अमोनिया थोडा दिसला तर दचकू नका. काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरॅमिन असतं. क्लोरीन मारायचं औषध त्याची जोडी तोडतं, क्लोरीन जातं आणि अमोनिया मागे उरतो. नळाचं पाणी औषध घालून वेगळं एकदा मोजून ठेवा, म्हणजे टाकीतला किती आणि नळातला किती हे कळेल. रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन बरंचसं उडतं, क्लोरॅमिन तसं उडत नाही.

पाणवठा

३६वा दिवस. चार दिवसांपूर्वी पाणी बदललं. बादल्या मोजायचं काम मुलीकडे होतं. ९ ग्रॅम सोडा घातला. संध्याकाळी केएच ६, पीएच ७.६. तिसऱ्या दिवशी सकाळी अमोनिया शून्य! नळी पिवळी बघून मी घरात सगळ्यांना उठवलं. कोणाला काही कळलं नाही, पण सगळे हसले.

१ पीपीएम टाकला, चोवीस तासांत साफ. नायट्राइट मात्र गडदच आहे.

काचपेटी

मस्त. नायट्राइटचं तसंच असतं, आठवडा-दीड आठवडा जांभळा राहतो आणि मग एका रात्रीत जातो. केएच दर दोन-तीन दिवसांनी मोजत राहा.

डबकं

नायट्राइट फारच रेंगाळला तर माशांच्या खाण्याची चिमूटभर पूड टाकून बघा. नुसत्या अमोनियम क्लोराइडवर वाढवलेल्या टाकीत फॉस्फेट कमी पडू शकतं, आणि जिवाणूंना तेही लागतं. माझ्या एका टाकीत त्यानेच फरक पडला. चिमूट म्हणजे चिमूटच, मूठ टाकली तर कुजून पाणी दुधाळ होईल.

पाणवठा

४७वा दिवस. नायट्राइट शून्य!! काल रात्री जांभळा होता, आज सकाळी आकाशी निळा. काचपेटी म्हणाले तसंच, एका रात्रीत. मध्ये एकदा केएच ४ वर आला तेव्हा सोडा परत घातला होता. डबकं यांची चिमूटही टाकली होती, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

आता कसोटी म्हणून २ पीपीएम टाकलाय.

पाणवठा

४८वा दिवस. अमोनिया ०. नायट्राइट ०. नायट्रेट ४० आणि ८० च्या मधला रंग. पीएच ७.४.

मोलभाव

मनापासून अभिनंदन! १ पीपीएम अमोनियातून शेवटी साधारण ३.६ पीपीएम नायट्रेट बनतो, तुम्ही पाणी बदलल्यापासून जेवढं घातलंत त्याच्याशी हे जुळतंय.

आता पाऊण टाकी पाणी बदला, नायट्रेट १५ च्या जवळ येईल. या वेळी सोडा घालू नका. मासे नळाच्या केएचमध्येच राहू देत, त्यांना रोज बदलणारं पाणी नको असतं. मासे आणायला दोन-चार दिवस असतील तर रोज थोडा अमोनिया देत राहा, जिवाणूंना उपास घडवू नका. आणायच्या आदल्या रात्री पाणी बदला.

तळ्यातमळ्यात

पूर्ण धागा वाचला. मासे सोडायचा सल्ला मागे घेतो. कल्ला यांनी लिहिलेला तो कल्ल्याचा रंग डोक्यातून गेला नाही. माझ्या पहिल्या टाकीतही सुरुवातीला दोन मासे गेले होते, मी ते "सुरळीत" मध्येच धरत होतो. नवीन टाकी मुरायला ठेवली आहे, केएच ७.

कल्ला

तळ्यातमळ्यात, हे लिहिलंत त्याबद्दल खूप आभार.

पाणवठा

काल सहा छोटे मासे आले. मुलगी रात्री टाकीसमोर सतरंजी टाकूनच झोपली. आज सकाळी अमोनिया ०, नायट्राइट ०. सगळे वर-खाली नीट फिरतायत, कोणीही पृष्ठभागाशी नाही, मी पहिलं तेच पाहिलं. अजून तीन आठवडे रोज मोजणार आहे, मगच पुढचे मासे.

सगळ्यांना धन्यवाद म्हणून भागणार नाही, पण म्हणतो.

ओलीवाळू

धागा वर काढते. मी नवीन आहे. माझाही अमोनिया अडकलाय, २० दिवस झाले, सगळ्यात गडद हिरवा. वरचं सगळं वाचून केएच मोजला, तो ९ आहे आणि पीएच ८. म्हणजे सोड्याची गरज नाही ना? मग काय चुकतंय?

पाणवठा

ओलीवाळू, नाही, सोडा अजिबात नको. तुमचं दुखणं वेगळं दिसतंय. अमोनिया एकूण किती टाकलात? मोजून की अंदाजाने?

ओलीवाळू

द्रावण आहे, रोज एक झाकण.

पाणवठा

रोज? शून्य व्हायची वाट न बघता? मग तक्ता जिथे संपतो त्याच्या कितीतरी पुढे असाल. अमोनिया खूपच जास्त झाला की तोच जिवाणूंना आवरून धरतो, आणि पीएच ८ ला त्यातला मोकळा भागही जास्त. आज झाकण टाकू नका. १ मिलि टाकीचं पाणी, ९ मिलि डिस्टिल्ड वॉटर, आणि मोजून इथे आकडा टाका. शिवाय ती बाटली एकदा हलवून बघा, फेस येऊन टिकला तर त्यात साबण मिसळलेला आहे, मग ती वापरायचीच नाही. मी आज रात्री इथेच आहे.